मुक्ताचा मुकुंद करावा का?

पत्र : मी कोल्हापूरची. सहकारी बँकेत नोकरी करते आणि सवड मिळेल तशी लिहिते. माझी पहिलीच प्रेमकादंबरी नुकतीच लिहून झाली. नायिका रेवा माती परीक्षण प्रयोगशाळेत काम करते. विद्यापीठाच्या वसतिगृहात असताना तिचे आणि एकाच खोलीत राहणाऱ्या मुक्ताचे एकमेकींवर प्रेम होते. नुसती मैत्री नव्हे, प्रेम. मुक्ता नोकरीसाठी हैदराबादला गेली आणि ते संपले. पुढे गुऱ्हाळ चालवणाऱ्या अभिजितच्या रेवा प्रेमात पडते, त्याला मुक्ताबद्दल सांगते आणि शेवटी दोघांचे लग्न होते. आमच्या वाचन गटात मी कादंबरी वाचून दाखवली. एक मैत्रीण म्हणाली, 'लग्नानंतर ती मुक्ता परत आली तर काय करणार ही?' एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, 'वसतिगृहात असतंच तसलं वेड, ते मैत्री म्हणूनच ठेव.' गटातली सर्वांत तरुण मुलगी चिडून म्हणाली, 'शेवटी पुरुषाच्याच गळ्यात माळ घातलीस ना!' घरी जाऊबाईंनी विचारले, 'हे तुझ्यावरच बेतलंय व्हय?' एका दिवाळी अंकाच्या संपादकांना काही प्रकरणे आवडली आहेत, पण 'मुक्ताचा मुकुंद करा, बाकी काही बदलू नका, उगाच खटलाबिटला नको' असे त्यांनी कळवले आहे. गटातली एक जण मात्र काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने फोन करून एवढेच विचारले, 'शेवट बदलणार नाहीस नव्हं?' मी काय करू?

— एक लिहिती वाचक, कोल्हापूर

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

पत्रासोबत पाठवलेली प्रकरणे लक्षपूर्वक वाचली. थोडक्यात उत्तर हवे असेल तर ते असे : मुक्ताचा मुकुंद करू नका. मात्र संपादकांची सूचना केराच्या टोपलीतही टाकू नका, कारण त्यांनी नकळत तुमच्या हाती एक चांगली चाळणी दिली आहे. गटात निघालेले सगळे आक्षेप कागदावर उतरवा आणि प्रत्येक आक्षेप वाचताना क्षणभर असे समजा, की रेवाचे पहिले प्रेम मुक्तावर नव्हे, तर वर्गातल्या मुकुंदवर होते. मुकुंद आल्याबरोबर जो आक्षेप विरून जातो, तो तुमच्या लेखनावर नव्हताच. तो मुक्ता बाई असण्यावर होता, आणि त्यासाठी एक ओळही बदलण्याचे कारण नाही. मुकुंद आल्यावरही जो आक्षेप जागचा हलत नाही, तो कादंबरीतला खरा दोष आहे आणि तो तुम्हाला निस्तरावा लागेल. एक आक्षेप मात्र या चाळणीतून नीट जात नाही. त्याच्याकडे मी ओघात येईन.

'मुक्ता परत आली तर?' हा प्रश्न आधी घेतो, कारण उभयलैंगिक व्यक्तिरेखा प्रेमकथेत आली की वाचकाच्या मनात सर्वांत प्रथम हीच शंका उभी राहते, आणि ती काही फक्त तुमच्या गटातच उभी राहिलेली नाही. इंग्रजीत प्रेमकादंबऱ्यांचा वाचकवर्ग अफाट आहे. तिथेही स्त्री आणि पुरुष या दोघांची ओढ वाटू शकणारा नायक किंवा नायिका आली, की काही वाचक शेवटच्या पानापर्यंत धास्तावलेले असतात : हा टिकेल का, ही फसवेल का, राहून गेलेल्या दुसऱ्या बाजूची उणीव हिला जन्मभर जाणवत राहील का. ही धास्ती आपोआप आलेली नाही. कथाकादंबऱ्यांत आणि चित्रपटांत अशी व्यक्तिरेखा बहुधा दगा देणारी, नाहीतर गोंधळलेली, नाहीतर हावरी म्हणूनच येत राहिली, आणि तसे नसेल तेव्हा तिचे एक प्रेम खरे आणि दुसरे चार दिवसांचे खूळ, असा हिशेब मांडून लेखक मोकळे होत राहिले. जे वाढले तेच खाऊन वाचकाची जीभ तयार झाली, तर त्याला एकट्याला दोष देता येत नाही.

आता मुकुंदला आणून पाहा. आपल्याकडे मुकुंदबद्दलही विचारतील, हे मला मान्य आहे. लग्नाआधी कोणावर तरी प्रेम केलेली नायिका आपल्या वाचकाला अजूनही थोडी खुपते, आणि तुमच्या मैत्रिणीच्या प्रश्नातला बराचसा भाग या जुन्या खुपण्याचाच आहे. फरक एवढाच, की मुकुंदबद्दल तिने विचारले असते, 'हिच्या मनात अजून तो आहे का?' मुक्ताबद्दल विचारताना रेवाचे मन तिने विचारातच घेतलेले नाही. रेवाला बाईसुद्धा आवडू शकते, त्या अर्थी ती एका पुरुषाच्या घरी सुखाने नांदूच शकणार नाही, असे आधी ठरवून मग प्रश्न विचारला आहे. कोणाकोणाची ओढ वाटू शकते हा एक भाग आणि दिलेला शब्द पाळणे हा दुसरा. पहिल्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही, हे एरवी आपण सगळे मानतो. खांडेकर कोल्हापुरात राहत असताना, १९५९ साली, 'ययाती' प्रसिद्ध झाली आणि पुढे तिला १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. तुमच्या गटातल्या बहुतेकींनी ती वाचलेली असणार. देवयानी घरात असताना ययाती शर्मिष्ठेच्या मागे जातो आणि तिथेही थांबत नाही. तरी ती कादंबरी वाचून आजवर कोणी असा निष्कर्ष काढलेला नाही, की ज्यांना बायका आवडतात अशा पुरुषांवर विश्वास टाकण्यात अर्थ नाही. ययातीचा दोष ययातीपुरताच राहिला. तुमच्या रेवाने तर अजून काही केलेलेही नाही आणि तिला मात्र तिच्या सगळ्या जातकुळीच्या वतीने जामीन द्यावा लागतो आहे.

असे असले तरी प्रेमकथेचा वाचक विश्वासाच्या बाबतीत हळवा असतो आणि तसे असण्यात त्याचे काहीच चुकत नाही. ना. सी. फडके राजाराम महाविद्यालयात शिकवत आणि याच गावात बसून प्रेमाच्या कादंबऱ्या लिहीत, तेव्हापासून मराठी वाचक प्रेमाच्या त्रिकोणात आनंदाने अडकत आला आहे, पण त्या त्रिकोणाचा निकाल आपल्याला कळेल हे त्याने गृहीत धरलेले असते. अमेरिकेतल्या प्रेमकादंबरीकारांच्या संघटनेने तर तशी व्याख्याच करून ठेवली : केंद्रस्थानी प्रेमकथा हवी आणि शेवट समाधान देणारा, आशा लावणारा हवा. तेव्हा रेवा आणि अभिजित टिकतील, हा दिलासा मागण्याचा तुमच्या मैत्रिणीला पूर्ण हक्क आहे. फक्त तो दिलासा मुक्ताला पुसून किंवा रेवाकडून तशी शपथ वदवून देता येत नाही. कोणत्याही नायिकेबद्दल तो जसा मिळतो तसाच तो मिळायला हवा, म्हणजे तिच्या वागण्यातून.

गंमत अशी, की ते वागणे तुमच्या कादंबरीत आहे, आणि तुम्हीच ते झाकून टाकले आहे. सुपारी फुटण्याआधी, कोणी विचारले नसताना, रेवा आपण होऊन अभिजितला सगळे सांगायला गुऱ्हाळावर जाते. एवढा सरळपणा अंगी असलेल्या बाईला आणखी कोणत्या प्रमाणपत्राची गरज आहे? पण तुम्ही त्याच्या लगेच पुढच्या प्रकरणात डॉक्टरकाकांना आणून बसवले आणि ते पाने भरून बोलतात. कोणाची ओढ किती वाटते हे मोजण्यासाठी अमेरिकन संशोधक किन्सी यांनी १९४८ साली मांडलेली शून्य ते सहा अशी मोजपट्टी ते समजावून सांगतात, ही विकृती नव्हे म्हणून सांगतात, समाज बदलतो आहे म्हणूनही सांगतात. त्यातले काही खोटे नाही. परंतु हे भाषण रेवासाठी नाही, अभिजितसाठीही नाही. ते तुमच्या वाचन गटासाठी आहे, आणि गटाला ते लगेच ओळखू आले असणार. नायिकेची बाजू मांडायला लेखिकेने वकील दिला, की वाचक न्यायाधीश होऊन बसतो. ते प्रकरण सबंध काढून टाका. डॉक्टरकाका लग्नाला आले आणि जेवून गेले, एवढे पुरेसे आहे.

त्या मोजपट्टीपेक्षा एका वेगळ्या व्याख्येचा तुम्हाला लिहिताना उपयोग होईल. ती कोणाच्या तोंडी घालू नका, मात्र स्वतःजवळ ठेवा. अमेरिकेतल्या कार्यकर्त्या रॉबिन ऑक्स उभयलैंगिकतेबद्दल असे सांगतात, की एकाहून अधिक लिंगांच्या व्यक्तींची ओढ वाटण्याची ती क्षमता आहे; ती ओढ एकाच वेळी वाटेल असे नाही, एकाच रीतीने वाटेल असे नाही आणि सारख्याच प्रमाणात वाटेल असेही नाही. यातले 'एकाच रीतीने नाही' हे तुमच्या कामाचे आहे. तुमच्या प्रकरणांत मुक्ता आली की पाऊस येतो आणि अभिजित आला की तोच पाऊस पुन्हा येतो, तशीच छाती धडधडते, तसेच शब्द घशात अडकतात. दोन्ही प्रेमे सारखीच खरी आहेत हे ठसवण्यासाठी तुम्ही ती एकाच साच्यातून काढली आहेत आणि त्यामुळे दोन्ही थोडी खोटी वाटतात. याउलट वसतिगृहातली ती सकाळ पाहा : गरम पाणी बादलीभरच मिळालेले, मुक्ता त्यातले निम्मे रेवासाठी ठेवून, वर ताट झाकून, ओल्या केसांनीच निघते आणि दारातून सांगते, 'मी जातो गं पुढं, तू कुलूप घाल.' रेवा उठून ताट बाजूला करते आणि पाण्याला हात लावून बघते. या एवढ्या ओळींत प्रेम आहे, ते त्या दोघींचेच आहे, आणि ते अभिजितच्या वाट्याला जसेच्या तसे जाऊ शकणार नाही. अभिजितचे प्रेम कामाच्या ठिकाणी, त्याला काम करताना पाहून उमलते. त्याची लय वेगळी असू द्या.

शिक्षिकाबाईंच्या आक्षेपाला फार वेळ लागणार नाही. मुकुंद असता तर 'ते मैत्री म्हणूनच ठेव' असे त्या म्हणाल्याच नसत्या, आक्षेप विरला. त्यांच्या म्हणण्यात दुष्टपणा आहे असे मात्र मला वाटत नाही. त्यांच्या पिढीने अशा कितीतरी गोष्टी मैत्रीच्या नावाखाली सांभाळून ठेवल्या असतील, आणि झाकणे म्हणजे जपणे असे त्यांना मनापासून वाटत असेल. तरी त्यांना ही पळवाट तुम्हीच काढून दिली, हे लक्षात घ्या. अभिजितला सांगतानासुद्धा तुमची रेवा 'ती माझी फार जवळची होती' एवढ्यावर थांबते. जवळची तर मावसबहीणही असते. 'माझं तिच्यावर प्रेम होतं' हे वाक्य तिच्या तोंडून एकदा, साध्या आवाजात, येऊ द्या. तिने स्वतःला 'बायसेक्शुअल' म्हणवून घ्यायचे की नाही, हे तिच्या स्वभावावर सोडा. माझ्या मते मनातल्या मनात तरी ती ते एकदा म्हणेल, कारण ती पदव्युत्तर शिकलेली, हातात मोबाइल असलेली मुलगी आहे आणि हा शब्द तिने ऐकलेलाच नाही हे पटणार नाही. जे वाचक स्वतः असे आयुष्य जगत असतात, ते पुस्तकभर याच एका स्पष्ट ओळीची वाट पाहतात, आणि ती आली नाही तर आपल्याला पुन्हा दारातच उभे केले असे त्यांना वाटते.

आता तो चाळणीत न बसणारा आक्षेप. 'शेवटी पुरुषाच्याच गळ्यात माळ' असे ती तरुण मुलगी म्हणाली. मुकुंद आणला तर हा आक्षेप उरत नाही, म्हणून माझ्याच नियमाने तो सोडून द्यायला हवा. पण मी तो सोडणार नाही, कारण इथे नियम अपुरा पडतो. मुकुंद आणि अभिजित हे दोन पर्याय रेवापुढे सारख्याच उंचीवर ठेवलेले असते. मुक्ता आणि अभिजित तसे नाहीत. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ३७७ व्या कलमाचा प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरता निकाल लावला आणि असे प्रेम गुन्हा राहिले नाही. परंतु १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क देण्यास नकार दिला. म्हणजे मुक्ताबरोबर राहायचे ठरवले असते, तर रेवाला ना मंगलाष्टके मिळाली असती, ना विवाह नोंदणीचा दाखला, ना रुग्णालयाच्या अर्जावर नाते लिहिण्याची जागा. अभिजितबरोबर हे सारे न मागता मिळते. तुमच्या कादंबरीत हा भार कुठेच जाणवत नाही आणि त्या मुलीला तोच खुपला आहे, जरी तिने तो वेगळ्या शब्दांत सांगितला. शेवट बदलू नका. पण विवाह नोंदणी कार्यालयात तीन साक्षीदार हसतखेळत सह्या करत असताना, हे किती सोपे आहे, असे एकदा रेवाच्या मनात येऊन जाऊ द्या. ती खंत अभिजितवरच्या प्रेमाआड येत नाही.

त्या मुलीच्या रागाला आणखी एक कारण आहे आणि ते तुमच्या कादंबरीबाहेरचे आहे. बाईवर प्रेम करणाऱ्या बाईची गोष्ट मराठीत मुळात किती थोडी आहे! विजय तेंडुलकरांनी १९८० च्या दशकाच्या तोंडाशी 'मित्राची गोष्ट' या नाटकातून मित्रा नावाची अशी नायिका रंगभूमीवर आणली आणि ते नाटक तिच्या मृत्यूशी संपले. इतक्या वर्षांनी एक मुक्ता भेटली, ती हसते, भांडते, पाणी ठेवून जाते, आणि तीही शेवटी जिंकत नाही, म्हटल्यावर तरुण वाचकाचा जीव तुटणारच. तिची तक्रार खरे तर फळीवर न सापडणाऱ्या पुस्तकांबद्दल आहे. रेवा वाटेत सापडली म्हणून तिला बोलणी बसली. ते सगळे देणे एकट्या रेवाने फेडावे असे नाही. रेवा पुरुषाशी लग्न करते म्हणून ती 'शेवटी सरळ झाली' असे होत नाही, आणि तिने मुक्ताशी संसार मांडला असता तरी तिचे पुढचे प्रेम खोटे ठरले नसते. हे वाचकाला जाणवावे यासाठी तुमच्याकडून एक गोष्ट व्हायला हवी : मुक्ता हैदराबादला गेली की तुम्ही तिचे नावच टाकता. पुढच्या दीडशे पानांत रेवाला ती एकदाही आठवत नाही. हा दोष मुकुंद आणला तरी तसाच राहतो, म्हणजे तो पक्का तुमचा. इंग्रजीत टालिया हिबर्ट यांची 'टेक अ हिंट, डॅनी ब्राऊन' ही २०२० ची कादंबरी आहे. तिची नायिका उभयलैंगिक आहे, नायक पुरुष आहे, आणि तिच्या आयुष्यात येऊन गेलेल्या बाईचा उल्लेख कोणत्याही जुन्या प्रेमाचा व्हावा इतक्या सहजपणे होतो. त्यावरून कोणाला धक्का बसत नाही की कोणाला लपवाछपवी करावी लागत नाही. तेवढा सहजपणा कोल्हापुरात जसाच्या तसा आणता येणार नाही, पण आठवण आणायला कोणाची परवानगी लागत नाही.

मराठीतच जवळचे काही हवे असेल, तर सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' पुन्हा काढून वाचा. २००६ सालची ही कादंबरी. घरात भाड्याने राहायला आलेल्या एका तरुणावर भाऊ आणि बहीण दोघेही प्रेम करतात आणि तो दोघांनाही सोडून जातो. भाऊ बोलतो, बहीण तिच्या परीने लिहिते, पण तो स्वतः कधीच बोलत नाही; त्याला नावसुद्धा नाही. त्या कादंबरीची ती गरज आहे, कारण ती सोडून गेलेल्या माणसाबद्दल नसून मागे राहिलेल्यांबद्दल आहे, आणि ती त्या अर्थाने प्रेमकादंबरीही नव्हे. वाचकांच्या मनात मात्र दोघांवर प्रेम करून निघून जाणारा माणूस तेवढा राहतो. तो माणूस आतून काय असतो, राहतो तेव्हा का राहतो, हे सांगणारी रेवा तुमच्याकडे आहे. म्हणूनच ती मध्येच गप्प झालेली मला चालत नाही.

तुमच्या गटात कोणीच ज्याबद्दल बोलले नाही, तो दोष मला सर्वांत मोठा वाटतो आणि तो अभिजितचा आहे. रेवा त्याला मुक्ताबद्दल सांगते आणि तो ताबडतोब म्हणतो, 'मला काही फरक पडत नाही, तू जशी आहेस तशी मला हवीस.' मुकुंदबद्दल सांगितले असते तरी इतका चटकन कोणी बोलला नसता. नायक मोठ्या मनाचा दाखवण्याच्या घाईत तुम्ही त्याला बहिरा केला आहे. त्याने ऐकलेच नाही, फक्त मान्य केले. प्रेमकथेच्या वाचकाला नायक ऐकताना दिसला पाहिजे, आणि तो दिसला की तुमच्या मैत्रिणीच्या पहिल्या शंकेतली हवा आपोआप निघून जाईल, कारण ज्या जोडप्याला बोलता येते ते टिकेल असे वाचकाला वाटते.

त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. प्रसंग गुऱ्हाळावरच घडतो आहे. काहिलीत रस चढलेला आहे, भेंडीच्या पाण्याने मळी वर आली आहे आणि ती काढली जाते आहे, चुलवाणात चिपाड पडते आहे. अशा वेळी गुळव्याला, आणि गुऱ्हाळ ज्याचे आहे त्यालाही, काहिलीवरून नजर काढता येत नाही. पाक जरा पुढे गेला तर सगळे आधण बिघडते. रेवाने नेमकी हीच वेळ निवडली, कारण त्याने आपल्याकडे बघत राहू नये असे तिला वाटत होते. हे तुमच्या मनात होते की नाही मला माहीत नाही, पण कागदावर ते आणा. ती बोलत राहील, तो उलथने फिरवत ऐकत राहील. काहील उतरेल, पाक वाफ्यात ओतला जाईल, घोटला जाईल. मग हात धुताना त्याने एकच प्रश्न विचारावा : 'अजून आठवण येते?' आणि रेवाने खरे ते सांगावे : 'येते.' त्यापुढे त्याला थोडे लागू द्या. त्या दिवशी त्याने तिला बसथांब्यापर्यंत सोडायला जाऊ नये, आणि दोन दिवसांनी आपण होऊन फोन करावा, एवढेही चालेल. त्याला वाटलेला मत्सर हा मुक्ता बाई असल्यामुळे वेगळ्या जातीचा आहे का, हे त्याचे त्यालाच कळत नाही, असे एखादे वाक्य आले तर मी ते सोन्याचे मानीन. कारण असे प्रश्न अशा नायकाला पडतात आणि वाचणाऱ्या पुरुषालाही पडतात. हो, पुरुषही प्रेमकादंबऱ्या वाचतात, सांगत नाहीत इतकेच.

जाऊबाईंच्या प्रश्नाला उत्तर देऊ नका. 'होय' म्हणायचे की 'नाही', याचा विचार करत तुम्ही काही रात्री जागून काढल्या असतील, असे पत्राच्या सुरावरून वाटते. लेखिकेने कादंबरीसोबत प्रतिज्ञापत्र जोडण्याची पद्धत नाही. गोष्ट तुमची असेल तर ती कोणाला, कधी आणि किती सांगायची, हे तुम्हीच ठरवायचे. ती तुमची नसेल, तरीही 'छे, छे, माझं असलं काही नाही!' असे मोठ्याने म्हणू नका. त्या खोलीत बसलेल्या कोणाला तरी ते 'असलं' लागते. 'रेवाची गोष्ट आहे, पुढे वाचा' एवढे म्हणावे आणि चहा टाकायला उठावे.

फोन करणाऱ्या त्या मैत्रिणीबद्दलही मला हेच सांगायचे आहे. तिने तुम्हाला काही सांगितलेले नाही, फक्त शेवटाबद्दल विचारले आहे. तिच्या मनात काय असेल याचे तर्क बांधू नका, तिला एकटीला गाठून खोदून विचारू नका, आणि 'गटातल्या एकीला फार भिडलं' असे बाकीच्यांना तर मुळीच सांगू नका. गाव लहान आहे. 'शेवट तोच आहे' असा निरोप तिला द्या. तिने विचारलेल्या प्रश्नाचे ते पुरेपूर उत्तर आहे.

राहिले संपादक आणि त्यांचा खटला. दिवाळी अंकातल्या प्रेमकथेवर खटला होत नाही असे मी म्हणणार नाही, कारण झालेला आहे : 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकरांच्या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला, उच्च न्यायालयाने त्यांना दोषी धरले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये ती शिक्षा रद्द केली. वाचकांच्या पत्रांना उत्तरे देणे हासुद्धा एके काळी कोर्टात नेणारा उद्योग होता, हे या सदराच्या निमित्ताने आठवते; 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या अशाच उत्तरांवरून १९३४ साली र. धों. कर्व्यांवर खटला झाला, डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली आणि तरीही कर्व्यांना दंड भरावा लागला. पण तुमच्या प्रकरणांत अश्लीलतेच्या जवळपासही जाणारे काही नाही. दोन बायकांचे प्रेम एवढ्यावरून अश्लीलता ठरत नाही आणि ते प्रेम आता गुन्हाही नाही. संपादकांना बहुधा कोर्टाची भीती वाटत नसून जाहिरातदारांची आणि वर्गणीदारांच्या फोनची वाटते आहे. ती खोटी आहे असे नाही, मात्र तिला कायद्याचे नाव देणे बरोबर नाही.

त्यांना सौम्य शब्दांत लिहा, की डॉक्टरकाकांचे प्रकरण काढले आहे, गुऱ्हाळाचे प्रकरण नव्याने लिहिते आहे, आणि मुक्ता मुक्ताच राहील. अंकासाठी त्यांना सुटा भाग हवा असेल तर बादलीच्या पाण्याचे आणि गुऱ्हाळाचे अशी दोन्ही प्रकरणे एकत्र द्या. नुसते गुऱ्हाळाचे दिले, तर छापताना मुक्ताचे नाव गळण्याचा धोका आहे. छपाईआधी मजकूर तुम्हाला दाखवला जाईल, एवढे लेखी मागून घ्या. त्यांना हे जमणार नसेल तर हस्तलिखित परत मागवा आणि दुसऱ्या अंकाकडे पाठवा. अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, तेव्हा हे पत्र या आठवड्यातच टाका.